मोठ्यांची वीस चित्रे

“अहो बाई, फोटो काढायचा तर तोंडाचा काढा. डोक्याच्या मागच्या बाजूचा कसला काढताय?” खुर्चीत बसलेला पोस्टमन आरशात बघून म्हणाला.

“तुमचं तोंड रोज दारात दिसतंच आम्हाला,” वाचनालयाच्या बाई कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाल्या. “मोठ्यांना मागचीच बाजू हवी आहे. हलू नका.”

“घ्या! इथे आधी एकटे मोठे सांगायचे हलू नका म्हणून. आता दोघं झालात.”

सलूनचे मालक मोठे त्याच्या मागे उभे होते. त्यांनी दोन बोटांनी पोस्टमनचे डोके हलकेच खाली दाबले, मानेवर चिकटलेले केस ब्रशने झटकले आणि बाजूला सरकले. बाईंनी फोटो काढला, मग बाकाचा काढला, कपाटातल्या जुन्या वस्तऱ्यांचा काढला, खाली पडलेल्या केसांचाही काढला. शेवटी त्या दुसऱ्या खुर्चीकडे वळल्या. त्या खुर्चीवर चादर टाकलेली होती.

“हिचा काढू?”

मोठ्यांनी चादरीचे एक टोक सरळ केले. मग म्हणाले, “काढा. चादरीसकट काढा.”

पोस्टमनने आरशातली नजर खाली वळवली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा ‘वीस चित्रांची संध्याकाळ’ असायची. बोलणारा आपल्यातलाच कोणीतरी. त्याने वीस चित्रे आणायची, ती एकेक करून पडद्यावर यायची आणि तो आपल्या कामाबद्दल बोलायचा. प्रत्येक चित्र वीस सेकंद थांबणार आणि आपोआप पुढे जाणार, असा नियम. तुमचे वाक्य अर्धवट राहो, तुम्हाला ठसका लागो, चित्र काही कोणासाठी थांबत नसे. सुरुवातीला लोकांनी नाके मुरडली. एवढ्याशा वेळात कोण काय डोंबल सांगणार? पण पोस्टमनने गल्लोगल्लीच्या कुत्र्यांवर वीस चित्रे दाखवली आणि ‘पत्र नको, पण कुत्रं आवर’ म्हणून शेवट केला, तेव्हा लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. पुढच्या महिन्यात नळदुरुस्तीवाला गळत्या नळांवर बोलला. त्याच्या पुढच्या महिन्यात बंद पडलेल्या गिरणीच्या पहारेकऱ्याने एकाच फाटकाची वीस चित्रे दाखवली, आणि ती संपल्यावर कितीतरी वेळ कोणी जागचे हललेच नाही. तेव्हापासून वरच्या मजल्यावर खुर्च्या कमी पडू लागल्या.

आता पाळी मोठ्यांची होती. त्यांचे सलून महिनाअखेर बंद होणार होते.

त्यांना ‘मोठे’ हे नाव दुकानाने दिले होते. दुकानात दोन खुर्च्या आणि दोन भाऊ. गिऱ्हाईक दारात आले की बाकावरचा कोणीतरी विचारायचा, “मोठ्याकडे की धाकट्याकडे?” त्यावरून नावे पडली ती पडलीच. पुढे धाकटा दुकान सोडून गेला, त्याच्या खुर्चीवर चादर पडली, तरी मोठे मोठेच राहिले. कोणापेक्षा मोठे, हे नव्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते आणि जुन्यांनी त्याबद्दल बोलायचे सोडून दिले होते.

अलीकडे मोठ्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. कात्रीला थोडी थरथर चालते, तिला खालून कंगव्याचा आधार असतो. वस्तऱ्याला अजिबात चालत नाही. म्हणून त्यांनी आधी दाढी करायची बंद केली. मग एक दिवस कात्रीचे टोक एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला लागले. रक्ताचा एवढासा थेंब आला असेल नसेल, पण ते गिऱ्हाईकच मोठ्यांची समजूत घालू लागले, “काही नाही हो, होतं असं.” चाळीसेक वर्षांत हे वाक्य ऐकून घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. संध्याकाळी घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, “बास झालं आता.”

वाचनालयाच्या बाईंनी बोलायला याल का असे विचारले, तेव्हा मोठ्यांनी आधी कानावर हात ठेवले होते. “मी कसला बोलणार? मी दिवसभर बोलतच असतो.” पण दोन-तीन दिवसांनी ते आपणहून वाचनालयात गेले आणि उगाच वर्तमानपत्र चाळत उभे राहिले.

“बाई, तुम्ही त्या संध्याकाळचा कागद लावता ना बाहेर, तो कुठे कुठे लावता?”

“इथे दारावर. आणि चौकात एक.”

“पुलापलीकडे नाही लावत?”

“पलीकडून कोणी येत नाही हो आजवर.”

“लावून तर बघा,” मोठे वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले. “तिकडच्या लोकांनाही कळायला नको का? बाजारात, त्या नव्या सलूनच्या आसपास कुठेतरी. तिथे गर्दी असते म्हणतात.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. दोन कागद जास्त काढले. त्या नव्या सलूनचा मालक कोण, हे त्यांनाही ठाऊक होते.

धाकट्याचा हात पहिल्यापासून चांगला. मोठे मेहनतीने शिकले, धाकट्याला ते आलेच. त्याच्या खुर्चीसाठी लोक बाकावर ताटकळत, मोठ्यांची खुर्ची रिकामी असली तरी. “या ना, इकडे या,” म्हणून मोठे खुर्चीवर फडके मारत, आणि गिऱ्हाईक ओशाळून म्हणे, “नको, सावकाश होऊ द्या, घाई नाही.” पहिल्या पहिल्यांदा मोठ्यांना याचा अभिमान वाटे. शिकवला कोणी? आपणच ना! पुढे पुढे तो अभिमान घशाखाली उतरेना.

वडिलांनी दोघांच्या हातात कात्री देताना एकच गोष्ट बजावली होती. भावाने कापड झटकले की ते डोके झाले. त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, वाकडे असले तरी नाही. भांडायचे असेल तर दुकान बंद झाल्यावर भांडा, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर भांडू नका.

एकदा बँकेचे साहेब मोठ्यांच्या खुर्चीतून उठले. बाक भरलेला होता. साहेब दारापाशी पोहोचले आणि धाकटा म्हणाला, “साहेब, दोन मिनिटं. बसा जरा.” त्याने त्यांना आपल्या खुर्चीत बसवले, मान खाली करायला लावली आणि मोठ्यांनी मानेवर मारलेली केसांची रेघ सरळ केली. रेडिओ चालू होता, तो कोणीतरी बारीक केला. मोठे हातात ब्रश घेऊन आरशात ते सगळे बघत राहिले. साहेब गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, “एवढा हात बसलाय तर स्वतःचं दुकान काढ.”

धाकट्याने बाकावरच्या पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवले, त्याचे केस पूर्ण कापले, कापड झटकले, त्याची घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवली, आपली कात्री खिशात टाकली आणि तो निघाला. जेवायला येईल, असे मोठ्यांना वाटले होते. बायकोने ताट वाढून ठेवले होते. त्यानंतर दोन्ही घरची सुखदुःखे झाली, बायका एकमेकींकडे जाऊन आल्या, मुले एकत्र वाढली. भाऊ तेवढे बोलले नाहीत. समोरासमोर आले तर एक जण रस्ता ओलांडी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कोणाकडे करायची?

पुढे मोठ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तो बराच जुना असावा, असे डॉक्टर म्हणाले. पट्टी सुटल्यावर पहिल्याच दिवशी दुकानात दूधवाला आला. त्याचे केस त्यांनीच महिन्यापूर्वी कापले होते. मोठे त्याच्या मागे उभे राहिले, त्याच्या मानेवरची आपणच मारलेली वाकडी रेघ बघितली आणि त्यांना सगळे समजले. साहेबांची मानही अशीच गेली असणार. धाकट्याने आपला अपमान केला नव्हता, आपली चूक झाकली होती. हे त्याला जाऊन सांगायला हवे होते. मोठे दोनदा पुलापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले. एकदा बोलून गेलेला शब्द परत आणायला माणसाकडे तोंड लागते, आणि ते त्यांच्याकडे नव्हते.

आता दुकान बंद होण्याआधी त्याने एकदा यावे, एवढेच त्यांना हवे होते. बोलला नाही तरी चालेल. यावे.

“भाऊजींना सांगू का मी?” कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बायकोने सदरा इस्त्री करता करता विचारले.

“कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणजे? माझं लग्न आहे उद्या, त्याबद्दल!”

“सांग. नाहीतर नको सांगू. कागद लावलेत तिकडे.”

“कागद वाचून भाऊ येतो होय?” बायको म्हणाली. “आणि तुम्ही सांगणार तरी काय आहात लोकांना? न्हाव्याचा उकिरडा, कितीही उकरा, केसच निघणार.”

“तेच दाखवणार आहे,” मोठे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरचा मजला भरून गेला. मोठ्यांनी जिना चढता चढता सगळे पाठ म्हणून घेतले होते. पहिले चित्र दुकानाचे, तेव्हा दुकान कसे सुरू झाले ते. दुसरे चित्र आरशाचे, तेव्हा आरसा कसा आणला ते. असे करत करत विसावे. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. मोठ्यांनी रांगांवरून नजर फिरवली. बँकेचे साहेब होते, आता काठी घेऊन. पोस्टमन होता, दूधवाला होता. ज्यांची डोकी त्यांना तळहातासारखी ठाऊक होती ती सगळी माणसे आज तोंडे करून बसली होती. धाकटा नव्हता.

बाईंनी दिवे मालवले. पडद्यावर दुकान आले.

मोठे पडद्याशेजारी उभे राहिले. समोर अंधार, अंधारात चेहरे, आणि सगळे चेहरे त्यांच्याकडे बघणारे. एवढी वर्षे ते बोलले होते, पण कोणाच्या तोंडावर कधी बोलले नव्हते. गिऱ्हाईक पाठमोरे बसायचे, मोठे त्याच्या मागे उभे, आणि बोलणे सगळे आरशातून. बाकावर वाट बघत बसलेल्यांना त्यांची पाठच दिसायची. दुकानाचे चित्र गेले, आरशाचे आले. पाठ केलेले एकही वाक्य जिभेवर येईना. आरशाचेही चित्र गेले.

“बोला ना,” बाई कुजबुजल्या.

आता कोणते चित्र आले आहे ते बघायला मोठे मागे वळले. पडद्यावर पोस्टमनचे डोके होते, मागून, खाली झुकलेले. ते दिसताच मोठ्यांचा हात आपोआप उठला आणि जीभ सुटली.

“हे डोकं बघा,” लोकांकडे पाठ करून ते म्हणाले. “याला दोन भोवरे आहेत. एक उजवीकडे फिरतो, एक डावीकडे. म्हणून हा माणूस पत्र द्यायला डाव्या गल्लीत निघतो आणि उजव्या गल्लीत सापडतो.”

लोक हसले. कोणीतरी म्हणाले, “मोठे, इकडे तोंड करा!” पण मोठ्यांनी ऐकले नाही, किंवा ऐकूनही ते वळले नाहीत. पुढे दूधवाल्याचे डोके आले, मग शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचे, जे टकलावर उरलेले केस कापायला अजून दर महिन्याला येत. “मी यांना म्हटलं, मास्तर, पैसे घ्यायला लाज वाटते. तर म्हणाले, कापायचे नाही, शोधायचे पैसे देतोय.” पुन्हा हशा. मोठ्यांना आता हुरूप आला होता. खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी पडद्यावर आली. लहान मुलांना उंच बसवायला ती वापरत. “या फळीवर इथली निम्मी माणसं बसून रडलीत. फळी काढून नुसत्या खुर्चीवर बसवलं की पोरगं त्या दिवशी मोठं व्हायचं. घरी जाऊन आईला सांगायचं, आज फळी नव्हती.” अंधारात कोणीतरी “हो हो,” म्हणाले. मग जमिनीवरच्या केसांचे चित्र आले. “पूर्वी संध्याकाळी केर काढला की काळा निघायचा. आता पांढरा निघतो. गिऱ्हाईक तेच आहे.”

यावर हसू आले नाही. मोठ्यांना ती शांतता पाठीवर जाणवली. आरसा असता तर मागचे दार दिसले असते, कोण आले कोण गेले ते दिसले असते. समोर नुसता पांढरा पडदा होता.

चादर टाकलेली खुर्ची आली.

मोठे थांबले. या चित्राला काय बोलायचे ते त्यांनी पाठ केलेच नव्हते. चित्र जाऊ द्यायचे, असे ठरवले होते.

“ही दुसरी खुर्ची,” ते म्हणाले. “हिच्यासाठी लोक थांबायचे. माझी रिकामी असायची, तरी थांबायचे. हात चांगला होता त्याचा.” मग घाईने, चित्र जाईल म्हणून, “होता नाही. आहे. पुलापलीकडे आहे. माझ्यानंतर तुम्ही सगळे तिकडेच जा. त्याच्यासारखी रेघ मारणारा मी तरी दुसरा बघितला नाही.”

चित्र गेले आणि एक जुना फोटो आला. कोण्या गिऱ्हाइकाने नवा कॅमेरा घेतला होता तेव्हा हौसेने काढलेला. दुकानाचे शटरचे दार अर्धे ओढलेले, मोठे खुर्चीत बसलेले, गळ्याभोवती कापड, आणि मागे धाकटा कात्री घेऊन उभा. दोघेही तरुण, दोघेही कशाला तरी हसणारे.

“हा आमच्या सुट्टीचा दिवस. सलूनवाल्याला सगळ्यांची डोकी कापता येतात, स्वतःचं नाही. म्हणून आठवड्याच्या सुट्टीला दार अर्धं ओढून आम्ही एकमेकांचे कापायचो. आधी हा माझे, मग मी याचे. दुसऱ्या कोणी माझ्या डोक्याला कधी हात लावला नाही. आता माझे मीच कापतो. दोन आरसे लावून. पुढून जमतं, मागून नाही जमत. मागचं आपलं कोण बघतंय?”

सभागृहात खसखस पिकली आणि मग मोठा हशा उसळला. मोठ्यांना आधी कळेना. मग कळले. इतका वेळ ते लोकांकडे पाठ करून उभे होते, आणि शंभरेक माणसे बसून त्यांची मानच बघत होती. त्यांचा हात मानेवर गेला. पायऱ्या पायऱ्यांनी कापलेले, एका बाजूला राहून गेलेले केस बोटांना लागले. मोठेही हसले. हसता हसता पुढची चित्रे निघून गेली. विसाव्या चित्रावर काय बोलायचे होते ते बोलायचे राहूनच गेले.

दिवे लागले. टाळ्या चालू होत्या आणि मोठे अजून पडद्याकडेच बघत उभे होते. शेवटी बाईंनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना लोकांकडे वळवले. मोठ्यांनी थेट दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते.

खाली चहाच्या वेळी माणसांचा गराडा पडला. ज्याला त्याला आपले डोके पडद्यावर का नाही ते विचारायचे होते. गर्दी पांगल्यावर बायको दोन कप घेऊन आली.

“आला होता?” मोठ्यांनी विचारले.

“दिवे गेल्यावर आले. दारापाशी उभे होते. मी बसा म्हटलं, बसले नाहीत.”

“मग?”

“तुमच्या मानेवर लोक हसायला लागले तेव्हा गेले.”

मोठ्यांनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. “काही म्हणाला?”

“म्हणाले, वहिनी, मान बघितलीस का त्याची? बास, एवढंच. आणि जिना उतरले.”

त्या आठवड्यात मोठ्यांनी दुकानातली एकेक वस्तू काढायला घेतली. आरसा विकत घ्यायला एक जण येऊन गेला. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते दार अर्धे ओढून कपाट रिकामे करत बसले होते, तेवढ्यात कोणीतरी वाकून आत आले. मोठ्यांना आधी नुसते पाय दिसले. कोणाचे ते सांगायला तेवढे पुरे होते.

“सुट्टी आहे आज,” मोठे म्हणाले. दुसरे काही सुचले नाही.

“माझीही आहे,” धाकटा म्हणाला.

तोही आता पिकला होता, चष्मा लागला होता. त्याने दुकानभर नजर फिरवली. मग आपल्या खुर्चीवरची चादर ओढून काढली, बाहेर जाऊन झटकली, घडी घालून बाकावर ठेवली. खिशातून फडक्यात गुंडाळलेली कात्री काढली.

“बस,” तो म्हणाला.

“मी?”

“मग काय खुर्चीचे कापू?”

मोठे बसले. गळ्याभोवती कापड आले. पाण्याचा फवारा मानेवर आला तेव्हा ते दचकले. धाकट्याने दोन बोटे त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“खाली बघ, दादा. अजून खाली.”

लोकांना हे सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी मान खाली घातली आणि त्यांना रडू आले. मान खाली असली की डोळ्यांतले पाणी गालावरून येत नाही, सरळ मांडीवर पडते. कापडावर दोन-तीन डाग पडले.

“केस गेले का डोळ्यात?” धाकट्याने विचारले.

“हं.”

“जाऊ दे. निघतील.”

कात्री चालू राहिली. तिचा आवाज तोच होता, मध्ये न थांबणारा.

“त्या दिवशी साहेबांची मान...” धाकट्याने सुरुवात केली.

“वाकडी होती,” मोठे म्हणाले. “डोळ्यांचं काम झाल्यावर कळलं मला. तुला सांगायला यायचं होतं.”

“पुलापर्यंत आलास ते बघितलंय मी. दुकान पुलासमोरच आहे माझं.” मग केस विंचरत, “मीही चुकलो. सगळ्यांसमोर नको होतं करायला. त्यांच्या घरी जाऊन करून आलो असतो.”

यावर मोठ्यांना एवढे हसू आले की धाकट्याला कात्री वर उचलून धरावी लागली. “हलू नको,” तो म्हणाला, आणि मग तोही हसला.

मान झाली. धाकट्याने कापड काढले, झटकले आणि खुर्चीला वळसा घालून मोठ्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. “आता माझे.”

“हात थरथरतो रे माझा.”

“बघितलं मी.”

“वाकडी जाईल रेघ.”

“जाऊ दे. दुकानात पोरगा कापतो माझे. चांगले कापतो, पण गप्प कापतो. डोकं कुठे आहे तेच कळत नाही.”

मोठ्यांनी कात्री घेतली. सुरुवात केली आणि बोलायलाही लागले. पोस्टमनचे दोन भोवरे, मास्तरांचे टक्कल, वडील वस्तरा लावताना शिट्टी वाजवायचे ते. धाकटा आरशातून उत्तरे देत होता, मध्येच “दादा, तो तो नव्हे, त्याचा मेहुणा,” म्हणून दुरुस्त करत होता. मानेपाशी आल्यावर मोठ्यांनी श्वास रोखून धरला, डाव्या हाताने उजवे मनगट पकडले. तरी रेघ गेली. डावीकडून नीट निघाली आणि उजवीकडे येता येता खाली घसरली. मोठ्यांनी ती सावरायला पुन्हा कात्री टेकवली, पण तेवढ्यात धाकटा उठला.

“झालं,” तो म्हणाला आणि स्वतःच कापड झटकले.

“थांब, दाखवतो मागे.” मोठ्यांनी हातातला आरसा त्याच्या मानेमागे धरला. आरसाही थरथरत होता. धाकट्याने चष्मा नीट केला आणि बराच वेळ बघितले.

“छान आहे.”

“वाकडी आहे.”

“छान आहे म्हटलं ना.”

“उद्या तुझी पोरं काय म्हणतील दुकानात? गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“विचारतील कोणी कापले,” धाकटा कात्री फडक्यात गुंडाळत म्हणाला. “सांगेन, दादाने.”

तो वाकून बाहेर पडला. मोठ्यांनी दार वर ढकलले आणि ते उंबऱ्यात उभे राहिले. सुट्टीचा दिवस, रस्त्याला फारशी माणसे नव्हती. धाकटा मधोमध, सावकाश चालला होता. टोपी खिशात होती ती त्याने घातली नाही. उजवीकडे उतरत गेलेली ती रेघ मोठ्यांना लांबूनही अगदी स्वच्छ दिसत होती.